‘काहीच घडत नाही’ असे म्हणणाऱ्यांस

संथ गतीच्या चित्रपटांविषयी आपल्याकडे दोन वाक्ये ठरून गेली आहेत. पहिले, “त्यात काहीच घडत नाही.” दुसरे, “सामान्य प्रेक्षकाला ते कळायचे नाहीत.” पहिले वाक्य मध्यंतरालाच उठून आलेला गृहस्थ उच्चारतो. दुसरे वाक्य शेवटपर्यंत बसून राहिलेला रसिक उच्चारतो, आणि तेही पहिल्याला ऐकू जाईल अशा बेताने. या दोघांचे हाडवैर आहे असा सर्वत्र समज आहे. आमच्या मते ते सख्खे भाऊ आहेत. एकाला केवळ कथानक हवे असते, दुसऱ्याला केवळ दिग्दर्शक. पडद्यावर जो माणूस घाम गाळीत असतो त्याच्याकडे दोघांचेही लक्ष नसते. प्रस्तुत लेखात आम्हाला या दोन्ही भावांशी भांडायचे आहे.

आम्ही कोणत्या चित्रपटांविषयी बोलतो आहोत हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण ‘कलात्मक’, ‘समांतर’, ‘प्रायोगिक’ ही विशेषणे इतकी सैल वापरली गेली आहेत की त्यांना आता आकार उरलेला नाही. ज्यात कॅमेरा एका जागी खिळून राहतो, पात्रे बोलण्यापेक्षा गप्पच अधिक राहतात, कोठे रडायचे व कोठे दचकायचे हे पार्श्वसंगीत आपल्याला सांगत नाही, आणि एखादी स्त्री भांडी घासायला बसली तर ती घासून होईपर्यंत आपली सुटका नसते, असे ते चित्रपट. त्यांच्यावरून प्रेक्षकांत दोन तट पडतात, आणि हे आजचे नव्हे.

१९६० साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात मिकेलान्जेलो आंतोनिओनी यांचा ‘लाव्हेन्तुरा’ दाखवण्यात आला. काही श्रीमंत मित्रमैत्रिणी नौकेतून एका ओसाड बेटावर जातात आणि त्यांच्यातील एक तरुणी नाहीशी होते. प्रेक्षक तिचा शोध लागण्याची वाट पाहत राहतो. शोध लागत नाही; उलट तिच्या सोबत्यांनाच हळूहळू तिचा विसर पडू लागतो. प्रेक्षागारात हुर्यो उडाली. दुसऱ्या दिवशी कित्येक चित्रकर्मींनी व समीक्षकांनी दिग्दर्शकाच्या पाठिंब्याचे पत्रक काढले, परीक्षकांनी चित्रपटाला पारितोषिक दिले, आणि १९६२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा जगातील श्रेष्ठ चित्रपटांत त्याचा दुसरा क्रमांक लागला. रसिक मंडळी ही हकीकत एखाद्या विजयगाथेसारखी सांगतात. परंतु हुर्यो उडवणारे मूर्ख होते हे त्या दुसऱ्या क्रमांकाने कसे सिद्ध होते? रिकामटेकड्या धनिकांच्या कंटाळ्यात जवळजवळ अडीच तास घालवायला ज्याचे मन घेत नाही, त्याला अडाणी ठरवण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. कुमार शहानी यांचा ‘माया दर्पण’ आणि मणी कौल यांचा ‘दुविधा’ यांवर सत्तरच्या दशकात ज्यांनी कठोर टीका केली ते कोणी धंदेवाईक निर्माते नव्हते. ते सत्यजित राय होते, ज्यांच्या स्वतःच्या चित्रपटांवर संथपणाचा आक्षेप वारंवार घेतला जात असे. म्हणजे हा तंटा जाणते आणि अजाण यांच्यातील आहे, ही समजूतच मुळात टिकत नाही.

आता दुसऱ्या भावाकडून पहिल्याकडे वळू. ‘काहीच घडत नाही’ या आक्षेपाला उत्तर म्हणून आम्ही एकच चित्रपट जरा सविस्तर सांगतो. इटलीचे दिग्दर्शक एर्मान्नो ओल्मी यांचा ‘द ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज’, म्हणजे लाकडी पादत्राणांचे झाड. १९७८ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. लांबी तीन तासांहून अधिक. ओल्मी स्वतः बेर्गामो परिसरातले. लेखन, छायाचित्रण, संकलन, सारे त्यांनीच केले. नट एकही नाही. त्या परिसरातील खरीखुरी शेतकरी माणसे पडद्यावर आहेत, आणि ती आपल्या बोलीतच बोलतात. ती बोली इतर इटालियन लोकांनाही समजेना, म्हणून प्रमाण इटालियनमध्ये वेगळी आवृत्ती करावी लागली. सामवेदी किंवा वाडवळी घरात वाढलेल्या आमच्या वाचकांना यातील गंमत आणि वेदना दोन्ही वेगळ्याने सांगायला नकोत.

काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. एका मोठ्या चौसोपी वाड्यात कुळांची चार कुटुंबे राहतात. घर, गोठा, जमीन, झाडे, काही गुरे आणि अवजारेही जमीनदाराची. पिकाचे दोन तृतीयांश त्याच्या घरी जायचे. गावचा धर्मगुरू बातिस्ती नावाच्या शेतकऱ्याला सांगतो की तुझा मिनेक हुशार आहे, त्याला शाळेत घाल. शाळा कित्येक मैल दूर आहे आणि घरात कामाला हात कमी आहेत, तरी बाप ऐकतो. येथून पुढे दोन तास ‘काहीच घडत नाही’. मक्याची कणसे सोलली जातात. रात्री गोठ्याच्या उबेत सारे जमून गोष्टी सांगतात. डुक्कर कापले जाते. एक विधवा नदीवर लोकांचे कपडे धुऊन आपली मुले पोसते. धाकट्यांना अनाथाश्रमात ठेवू या, असे धर्मगुरू सुचवतो, तेव्हा तिचा थोरला पोरगा म्हणतो की मी रात्रंदिवस राबेन, पण त्यांना पाठवू नका. तिची गाय आजारी पडते आणि गुरांचा डॉक्टर आशा सोडतो. ती प्रार्थना करीत ओढ्याचे पाणी बाटलीत भरून आणते, गाईला पाजते, आणि गाय उठून उभी राहते. चमत्कार म्हणावा की योगायोग, ओल्मी सांगत नाहीत. कॅमेरा गाईजवळून हलत नाही एवढेच. आजोबा आन्सेल्मो नातीला हाताशी धरून, कोणाला न कळू देता, टोमॅटोच्या रोपांना कोंबडीखत घालतात, इतरांच्या आधी आपला माल बाजारात जावा म्हणून.

आणि मग एके दिवशी शाळेतून परतताना मिनेकचे लाकडी पादत्राण फुटते. बाप रात्री कालव्याकाठचे एक झाड तोडतो, दारे लावून गुपचूप नवे पादत्राण कोरतो. पुढे जमीनदाराला झाड तोडल्याचा पत्ता लागतो. बातिस्तीचे बिऱ्हाड गाडीवर चढते. शेजारी आपापल्या घरात, खिडक्यांआड राहतात, प्रार्थना करतात, गाडी निघून गेल्यावर अंगणात येतात आणि अंधारात लहान होत जाणाऱ्या कंदिलाकडे पाहत राहतात.

हाच चित्रपट दीड तासात आटोपता आला असता. परंतु मग ते झाड म्हणजे कथानकातील एक सोयीस्कर खुंटी झाली असती. अडीच तास त्या माणसांच्या चालीने चालल्यानंतर एक पाव, एक गाय, लाकडाचा एक ओंडका यांची किंमत आपल्याला त्यांच्या हिशेबाने कळू लागते, आणि म्हणून कुऱ्हाडीचा पहिला घाव ऐकताना छातीत धस्स होते. जमीनदाराला विचाराल तर त्या वर्षी काहीच घडले नव्हते. एक कूळ गेले, दुसरे आले. ‘काहीच घडत नाही’ असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाने आपण कोणाच्या गच्चीवरून पाहतो आहोत हे एकदा तपासावे, असे आम्हाला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

या चित्रपटावर इटलीतील काही डाव्या समीक्षकांनी टीका केली: ही कुळे फारच सोशीक दाखवली आहेत, त्यांचा संताप कोठे आहे? ही टीका झटकून टाकण्याजोगी नाही. जत्रेत एक वक्ता समतेविषयी तळमळीने बोलत असतो आणि गर्दीतील शेतकऱ्याचे लक्ष मात्र जमिनीवर पडलेल्या सोन्याच्या नाण्यावर असते, या प्रसंगाकडे ओल्मी फारच समंजस स्मिताने पाहतात. आणि धर्मगुरू म्हणून आम्हाला ती शेवटची बंद दारे बोचतात. शेजाऱ्यांची प्रार्थना खरी आहे यात शंका नाही. पण गाडी भरायला हात लावण्यासाठी एकही जण बाहेर येत नाही. तथापि ही टीका करता येते ती चित्रपटाने आपल्याला तेथे पुरेसा वेळ उभे केले म्हणूनच. घाईघाईने कापलेल्या दृश्यात त्या दारांकडे लक्ष कोणाचे गेले असते?

हा चित्रपट आम्ही मागे एका उपवासकाळात धर्मग्रामाच्या सभागृहात दाखवला होता. चाळीस मिनिटांत युवक मंडळाची मागची रांग रिकामी झाली. त्यांच्यापाठोपाठ दोन शिक्षकही गेले. मधल्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ सुखाने घोरत होते. आम्ही हे लपवत नाही, कारण संथ चित्रपट दाखवताच भोळे भाविक जन मंत्रमुग्ध होतात असली भाबडी कहाणी आम्हाला सांगायची नाही. पण उरलेली मंडळी, विशेषतः वाडीत आयुष्य गेलेल्या बायका, मोठ्याने बोलत चित्रपट पाहत होत्या. गाय उठली तेव्हा एकीने “आली बाय उभी!” म्हणून हात जोडले. टोमॅटोच्या प्रसंगी एका आजीबाईंनी आम्हालाच सुनावले, “फादर, ताज्या शिटीने रोप जळतं. त्या म्हाताऱ्याने ती कुजवून ठेवलेली असणार, ते काय यांनी दाखवलं नाही.” चित्रपटावरील पुष्कळ समीक्षा आम्ही वाचल्या आहेत, इतके नेमके निरीक्षण त्यांत क्वचितच आढळले. सामान्य प्रेक्षकाला कळत नाही म्हणणाऱ्या रसिकाने कोंबडीखताविषयी आपल्याला काय कळते हे आधी सांगावे.

तेव्हा प्रश्न बुद्धीचा नाही. पडद्यावर जो वेळ जातो तो कोणाचा, हा खरा प्रश्न आहे, आणि संथ चित्रपटाची पारख आम्ही याच एका कसोटीवर करतो.

बेल्जियमच्या शांताल आकेरमान यांचा ‘जान दीलमान’ (१९७५) हा चित्रपट घ्या. तीन तास एकवीस मिनिटे. ब्रुसेल्समधील एका विधवेच्या आयुष्यातील तीन दिवस. ती बटाटे सोलते, कॉफी गाळते, अंथरुणे घालते-काढते, मुलाला जेवायला वाढते. आणि दररोज दुपारी घरी येणाऱ्या एका पुरुषाला देह विकून संसार चालवते. चित्रपटाचा शेवट हत्येत होतो. मुलाबाळांसह पाहण्याचा हा चित्रपट नव्हे, हे वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. २०२२ साली त्याच ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षक-कौलात त्याला पहिला क्रमांक मिळाला, स्त्रीने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाला तो मान प्रथमच मिळत होता. त्यावरून जो गदारोळ झाला त्यात एक आक्षेप ठरलेला होता: बटाटे सोलताना काय पाहायचे? आमचा प्रतिप्रश्न असा की मारामारीच्या प्रसंगी नायक पंचवीस जणांना लोळवतो ते पाहताना आपल्याला वेळेचे भान राहत नाही, मग आपल्या आईने जन्मभर जे केले ते चार मिनिटे पाहवत नाही याचे कारण काय? दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. एवढ्याशा चुकीने प्रेक्षक अस्वस्थ होतो, कारण तोवर त्या घराची शिस्त त्याच्या अंगवळणी पडलेली असते. वेगवान चित्रपटात हे केवळ अशक्य आहे. तेथे बटाटे करपायला घरच पेटावे लागते.

मराठीपुरते बोलायचे तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) आमच्या डोळ्यांपुढे येतो. व्हेनिस महोत्सवात तो गौरवला गेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, २०१५ साली तो आपल्याकडे प्रदर्शित झाला; आणि “हा काय सिनेमा झाला?” असे म्हणत घरी परतलेले प्रेक्षकही आम्हाला भेटले. एका लोकशाहीरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे एका गटार-सफाई कामगाराने आत्महत्या केली. खटला चालतो, म्हणजे तारखा पडतात. कॅमेरा न्यायालयाच्या त्या खोलीत एका बाजूला, तिष्ठत बसलेल्या पक्षकारासारखा, स्थिर बसून राहतो. मृताची पत्नी साक्षीत सांगते की गटारात उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकून झुरळे बाहेर येतात का ते पाहत असे. आली तर आत श्वास घेता येईल हे समजे. तिचा स्वर जराही चढत नाही. मागे संगीत नाही. दुसऱ्या एका प्रसंगी मर्सी फर्नांडिस नावाच्या बाईचा पुकारा होतो. तिने बिनबाह्यांचा पोशाख केला आहे म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरण ऐकण्यास नकार देतात आणि पुढची तारीख देतात. हा प्रसंग एका मिनिटात उरकतो. आमच्या समाजातील किती भगिनींना तो मिनिट ओळखीचा वाटला असेल! सुटीपूर्वीचे कामकाज संपते तेव्हा खोली रिकामी होते, दिवे एकेक करून मालवले जातात, आणि आपण काळोखात बसून राहतो. कंटाळा येतो हे खरे. ज्याच्या नावावर खटला आहे तो तुरुंगात हाच कंटाळा महिनोन् महिने भोगतो आहे. त्यातील काही क्षण तिकीट काढलेल्या प्रेक्षकाच्या वाट्याला आले तर त्याने तक्रार कोणाविरुद्ध करावी?

येथवर वाचून एखादा रसिक खूश होऊन मान डोलावू लागला असेल. त्याने थांबावे. कारण याच कसोटीवर पुष्कळ संथ चित्रपट नापास होतात. भिंतीकडे तोंड करून बसलेले पात्र, धुके, पावसाचा थेंब, दूरवर भुंकणारे कुत्रे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तीच भिंत. या साऱ्यात वेळ त्या पात्राचा नसतो, दिग्दर्शकाच्या कौतुकाचा असतो. प्रेक्षकाची जांभई ही अशा वेळी प्रामाणिक समीक्षा असते. आम्ही तर म्हणू की आंद्रेई तारकोव्स्की यांच्यासारख्या थोर कलावंताचाही येथे अपवाद करू नये. त्यांच्या ‘द सॅक्रिफाइस’ (१९८६) या अखेरच्या चित्रपटातील जळत्या घराचे दृश्य विलक्षण आहे. पहिल्या खेपेस कॅमेरा अडकला, म्हणून घर पुन्हा उभारून पुन्हा जाळावे लागले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. परंतु त्या आधीच्या लांबलचक भाषणांत आम्ही दोनदा घड्याळ पाहिले. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली, तीत हाही आहे आणि ओल्मींचाही आहे. यादीत असला म्हणून तो आवडलाच पाहिजे असा काही श्रद्धेचा दंडक नाही. त्याच यादीत चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ आहे, घोडदौडीचा ‘स्टेजकोच’ आहे. यादी करणाऱ्यांना वेगाचे वावडे नव्हते, हे आमच्या काही अतिगंभीर बंधूंच्या नजरेस आणून द्यावेसे वाटते.

याउलट फिलिप ग्रोनिंग यांचा ‘इन्टू ग्रेट सायलेन्स’ (२००५). फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील कार्थुसियन मठात चित्रीकरणाची परवानगी त्यांनी १९८४ साली मागितली. होकार यायला सोळा वर्षे लागली. मग ते एकटेच कॅमेरा घेऊन तेथे राहिले, कृत्रिम प्रकाश न वापरता. अडीच तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटात निवेदन नाही. एक मठवासी कापड बेततो, एक मांजरांना हाका मारून खाऊ घालतो, आणि एके दिवशी सारे बर्फाच्या उतारावरून शाळकरी पोरांसारखे घसरत खाली येतात. हा वेळ निःसंशय त्यांचा आहे. दिग्दर्शक तेथे पाहुणा आहे आणि पाहुण्यासारखा वागतो.

“पण फादर, एवढा वेळ आहे कोणाला?” हा शेवटचा आक्षेप. वीस षटकांचा क्रिकेट सामना साडेतीन तास चालतो. लग्नाच्या स्वागत-समारंभात आपण आहेराचे पाकीट हातात धरून तासभर रांगेत उभे राहतो. भ्रमणध्वनीवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती सरकवण्यात संध्याकाळ कशी जाते ते ज्याचे त्यालाच ठाऊक. आता तर चित्रपट दीडपट वेगाने पाहण्याची सोय झाली आहे, आणि सुशिक्षित माणसे ती अभिमानाने वापरतात. ‘द ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज’ दीडपट वेगाने पाहिल्यास गाय लवकर बरी होते, एवढाच लाभ.

वेळ खरोखरच ज्यांच्यापाशी नसतो त्या निराळ्या आहेत. आम्ही वर सांगितलेल्या खेळाला मध्यंतरानंतर ज्या बायका उठून गेल्या त्यांना कंटाळा आला नव्हता. घरी भाताचे आधण ठेवायचे होते. ज्यांनी तो चित्रपट सर्वांत अधिक ओळखला त्यांनाच मिनेकच्या पादत्राणाचे पुढे काय झाले ते कळले नाही. म्हणून आमची सूचना आहे. सभागृहे आपल्याकडे आहेत, पडदा आहे, प्रक्षेपणाचे यंत्रही बहुतेक धर्मग्रामांनी घेतले आहे. रविवारी दुपारी, दोन भागांत, मध्ये चहा ठेवून हा चित्रपट दाखवावा. आधी कोणी भाषण करू नये, आम्हीसुद्धा नाही. खाली मराठी ओळी येत नसतील तर कोणीतरी शेजारी बसून मोजके सांगावे. पाहताना बोलण्यास मुभा असावी. आणि त्या संध्याकाळचा स्वयंपाक पुरुषांनी करावा. ते जमणार नसेल तर युवक मंडळाने सभागृहाच्या अंगणातच मोठ्या टोपात खिचडी शिजत ठेवावी, तिला लागेल तेवढा वेळ देऊन.